त्याच क्लिनिकमध्ये डेंटिस्ट बदलून मागायचा असेल तर कसं बोलायचं?

तुम्ही लिहिलंय की रूट कॅनल अर्धी झालीय, दुखतंय म्हटलं तरी सर हात थांबवत नाहीत, आणि तिथल्याच मॅडमकडे जायचंय पण सरांना वाईट वाटेल म्हणून बोलवत नाही. मी लग्नाआधी ठाण्यात एका डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनला होते, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने सांगते. "डॉक्टर बदलून द्या" हा फोन तिथे काही नवा नसतो हो, कुणाला लेडी डॉक्टरच हव्या असतात, कुणाला संध्याकाळचीच वेळ जमते, कुणाचं नुसतं पटत नाही.

फक्त खुर्चीत बसल्यावर, गळ्यात तो कागदी एप्रन अडकवल्यावर विषय काढू नका, तिथे सगळेच अवघडतात आणि तोंडात सक्शन असताना काय बोलणार. आदल्या दिवशी फोन करा. "माझी रूट कॅनल चालूये, पुढची सिटिंग मॅडमकडे मिळेल का? मला भीती वाटते, थांबत थांबत करणारं कुणीतरी हवंय." बास. कारण खोदून विचारलं तर हेच परत म्हणा. थापा मात्र नको, "गावाला चाललोय" म्हणून सांगायचं आणि मग मॅडमच्या वेळेला गेलात की दारात नेमके सरच!

आणि सर स्वतःहून बोललेच तर खरं सांगायला काय हरकत आहे, "सर, मला दुखत होतं आणि सांगूनही थांबला नाहीत, म्हणून." दाढेला इन्फेक्शन असेल तर भूल नीट चढत नाही हे खरंय, पण अशा वेळी थांबून परत इंजेक्शन देतातच की. हात वर केला की थांबायचं असं आधीच ठरवून घेणारे डॉक्टर मी पाहिलेत. मॅडमशीही ते पहिल्याच मिनिटाला ठरवा.

फोनवरच विचारून घ्या की मॅडम रूट कॅनल करतात ना, कारण बऱ्याच ठिकाणी रूट कॅनलवाले एमडीएस (म्हणजे बीडीएसनंतर त्यातलंच पुढचं शिक्षण घेतलेले) डॉक्टर बाहेरून ठरलेल्या वारी येतात आणि रोजच्या मॅडम ब्रेसेसवाल्या निघतात.

क्लिनिक तेच असेल तर कार्ड आणि एक्स-रे तिथेच असतात, पैशांचाही सहसा प्रश्न येत नाही. अगदी बाहेरच जायची वेळ आली तर एक्स-रे व्हॉट्सॲपवर मागा आणि काय काय झालं ते लिहून घ्या (कार्डवर ३६ असा काही आकडा दिसला तर घाबरू नका, तो दाताचा नंबर असतो, ३६ म्हणजे खालची डावीकडची पहिली मोठी दाढ). मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या पेशंट हक्कांच्या सनदेत रेकॉर्ड मागणं आणि सेकंड ओपिनियन घेणं दोन्ही आहे, तेव्हा उपकार मागतोय असा सूर नको. झालेल्या कामाचे पैसे मात्र द्यावे लागतील, आणि नवीन डॉक्टर बहुतेक पूर्ण चार्ज लावतील.

पण जे काय करायचं ते लवकर करा. आत्ता दाढेत जे सिमेंट भरलंय ते तात्पुरतं असतं, ते झिजलं किंवा निघालं की लाळ आत जाऊन परत इन्फेक्शन होतं, शिवाय कॅप नसलेली दाढ चिक्की-सुपारीने तडकते. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत दुसऱ्या बाजूने जेवा.