ग्रीनकडून टीकडे : गोल्फच्या मैदानरचनेविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील गोल्फच्या मैदानांवरील लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे लांब होती, त्यामुळे प्रत्येकातील मुख्य प्रश्न तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : मी बारा वर्षे गोल्फ खेळत आहे. अमुक एक मैदान श्रेष्ठ आहे असे जाणकार म्हणतात, तेव्हा मला मात्र तेथे हिरवळ, पाणी आणि झाडी यांपलीकडे काही दिसत नाही. चांगली रचना ओळखायची कशी?

उत्तर : आपण बहुधा टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभे राहून मैदान पाहता, आणि अडचण तेथेच आहे. टीवरून दिसतो तो देखावा. रचना समजून घ्यायची तर ग्रीनपासून, म्हणजे भोक असलेल्या बारीक गवताच्या पट्ट्यापासून, सुरुवात करावी लागते. होल, म्हणजे टीपासून ग्रीनवरील भोकापर्यंतचा एक टप्पा, खेळून झाला की ग्रीनवरून मागे वळून पाहावे आणि या ग्रीनवर चेंडू कोणत्या बाजूने आणणे सर्वांत सोपे आहे, एवढे एकच स्वतःला विचारावे. ती बाजू सापडली की तेथे पोहोचण्यासाठी रचनाकाराने खेळाडूकडून काय वसूल केले आहे, हे दिसू लागते.

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या मैदानावरील सतरावा होल, म्हणजे ‘रोड होल’, या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पार चारचा, म्हणजे चार फटक्यांत संपावा असा, हा होल आज सुमारे 495 यार्ड खेळला जातो. त्याचे ग्रीन लांबट, अरुंद आणि तिरके आहे. डाव्या अंगाला पोटात शिरल्यासारखा एक खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, आहे, तर पलीकडच्या कडेने रस्ता आणि दगडी भिंत आहे. टीवरून उजवीकडे हॉटेलची हद्द लागते व तिकडे गेलेला चेंडू ‘आउट ऑफ बाउंड्स’ ठरतो, म्हणून शहाणा माणूस साहजिकच डावीकडे मारतो. पण डावीकडून ग्रीनची फक्त रुंदी वाट्याला येते, समोर बंकर आणि मागे रस्ता. उलट हॉटेलच्या हद्दीला खेटून ज्याने चेंडू ठेवला, त्याला ग्रीनची सारी लांबी समोर उघडी मिळते. टीवर केलेल्या सावधगिरीचे देणे दुसऱ्या फटक्याला फेडावे लागते, आणि हा सगळा हिशेब एकट्या ग्रीनच्या तिरकेपणातून निघालेला आहे.

त्या बंकरविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1978 च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत जपानचे त्सुनेयुकी नाकाजिमा दोन फटक्यांत या ग्रीनवर पोहोचले होते, परंतु त्यांचा पट, म्हणजे ग्रीनवर चेंडू भोकाकडे सरकवणारा फटका, उतारावरून वळून थेट बंकरात गेला, बाहेर पडायला चार फटके लागले आणि होल नऊ फटक्यांत संपला. नकाशावर हा बंकर लहानच दिसतो. मात्र आजूबाजूची सगळी जमीन त्याच्याकडे उतरती असल्यामुळे, धरणाला असते तसे त्याला स्वतःचे पाणलोट क्षेत्र आहे. बंकर मोजायचा तो या पाणलोटासकट.

प्रश्न : मैदानरचनेचे वेड असलेल्यांचा आमचा एक गट आहे. एकाच होलवर आम्ही तासन्‌तास वाद घालतो, पण एकमत कधीच होत नाही. यातून खरोखर काही ज्ञान मिळते, की केवळ हौस भागते?

उत्तर : एकमत हाच हेतू असेल तर वाद आजच थांबवावा. पण आपला प्रश्न वाचून मला आनंद झाला, कारण मैदानरचना ही बहुधा एकट्याने पुरती समजून घेता येणारी गोष्ट नाहीच. प्रत्येक खेळाडू मैदान ओळखतो ते स्वतःच्या फटक्यांपुरते. ज्याचा चेंडू जिकडे कधी जातच नाही, तिकडची जमीन त्याच्या लेखी नसल्यातच जमा असते.

स्कॉटलंडमधील नॉर्थ बेरिकचा पंधरावा होल घ्या. क्रिमियन युद्धातील एका तटबंदीवरून त्याला ‘रेडान’ हे नाव पडले. हा पार तीनचा होल असून त्याचे ग्रीन टीच्या रेषेला तिरके आहे, पुढच्या उजव्या कोपऱ्याकडून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे उतरते आहे, डाव्या अंगाला पुढे खोल बंकर आहे आणि ग्रीनचा बराचसा भाग टीवरून दिसतच नाही. उंच मारणारा म्हणेल की बंकरावरून सरळ भोकात रोवलेल्या झेंड्याकडे जावे. कमी ताकदीचा, पण अनुभवी खेळाडू सांगेल की उजवीकडच्या उंचवट्यावर चेंडू टाकून स्वस्थ उभे राहावे, उतार त्याला स्वतःच झेंड्यापाशी नेऊन सोडतो. तिसरा तक्रार करील की न दिसणाऱ्या ग्रीनवर मारायला लावणे अन्यायाचे आहे. चौथा पावसानंतर ओल्या जमिनीवर खेळला असेल, म्हणून चेंडू घरंगळतो हेच त्याला पटणार नाही. यांतला एकही खोटे बोलत नाही. चौघांची साक्ष एकत्र ठेवली की मग कुठे तो होल पुरा दिसतो.

वादाची पातळी मात्र राखावी लागते. ‘मस्त आहे’ किंवा ‘बेकार आहे’ एवढ्यावर कोणालाही सुटू देऊ नये. झेंडा कोठे होता, वारा कोणत्या दिशेचा होता, हातात कोणता क्लब (चेंडू मारायची काठी) होता, चेंडू कोठे पडला आणि कोठे जाऊन थांबला, हे सांगितल्याशिवाय मत ग्राह्य धरू नये. रचनाकाराच्या मनात काय होते यावर तर्क लढवण्यापेक्षा जुना नकाशा किंवा जुने छायाचित्र शोधून आणणारा सदस्य गटाला अधिक देतो.

हौशी मंडळींच्या अशा खटाटोपाला तुच्छ लेखू नये. 1914 मध्ये ‘कंट्री लाइफ’ या इंग्रजी नियतकालिकाने पार चारच्या आदर्श होलची स्पर्धा लावली. ती जिंकली अॅलिस्टर मॅकेन्झी या डॉक्टरने, आणि त्याच्या आराखड्यात टीपासून ग्रीनपर्यंत एकाहून अधिक वाटा होत्या. ज्याने त्याने आपल्या ताकदीप्रमाणे वाट निवडावी. चार्ल्स ब्लेअर मॅक्डोनल्डने त्या कल्पनेचा होल न्यूयॉर्कजवळच्या लिडो मैदानावर प्रत्यक्षात आणला. मॅकेन्झीने पुढे सायप्रस पॉइंट आणि खेळाडू बॉबी जोन्सबरोबर ऑगस्टा नॅशनल ही अमेरिकेतील मैदाने घडवली. लिडो मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाहीसे झाले आणि जुनी छायाचित्रे व वर्णने तेवढी उरली. अलीकडे एका हौशी अभ्यासकाने त्या अवशेषांवरून संगणकावर मैदानाची प्रतिकृती रचली, रचनाकार टॉम डोक यांनी तिचा आधार घेतला, आणि 2023 मध्ये विस्कॉन्सिनमधील वाळूच्या जमिनीवर लिडो पुन्हा उभे राहिले. आपल्या गटातील वादांतून मैदान उभे राहीलच असे नाही, परंतु जुन्या छायाचित्रातील सावलीवरून बंकरची खोली ताडणारे लोक असल्याच वादांत तयार होतात.

प्रश्न : रेडानसारख्या होलची नक्कल जगभर झालेली दिसते. दुसऱ्याची रचना उचलणे हे कल्पनादारिद्र्य नव्हे काय?

उत्तर : उचलले काय, यावर ते अवलंबून आहे. वर उल्लेख केलेला मॅक्डोनल्ड तरुणपणी सेंट अँड्र्यूजला शिकायला होता. पुढे ब्रिटनमधील गाजलेले होल त्याने बारकाईने अभ्यासले आणि लाँग आयलंडवरील नॅशनल गोल्फ लिंक्समध्ये, म्हणजे 1911 साली रीतसर सुरू झालेल्या मैदानात, त्यांतील तत्त्वे वापरली. त्याने जमिनीची हुबेहूब प्रत काढली नाही. तिरके ग्रीन, मागे उतरता ढाळ आणि कडेचा बंकर यांचे परस्परनाते तेवढे घेतले व ते बसेल अशी जागा शोधली. एकच राग दोन गायक गातात तेव्हा आपण चोरीचा आरोप करत नाही. नॅशनलचा चौथा होल मूळ रेडानपेक्षा सरस मानणारे जाणकार काही कमी नाहीत. खाली जमीन कशी आहे हे न पाहता नाव तेवढे लावलेले ‘रेडान’ही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याबाबतीत आपला आक्षेप मला मान्य आहे.

प्रश्न : आमच्या क्लबात जुनी, चढउतारांची ग्रीन सपाट करण्याचा प्रस्ताव आहे. चेंडू थांबत नाही, अशी सदस्यांची तक्रार आहे. विरोध करावा का?

उत्तर : आधी गवत किती बारीक कापले जाते ते विचारावे. ठरावीक उतारावरून सोडलेला चेंडू किती फूट धावतो यावरून ग्रीनचा वेग मोजणारे स्टिम्पमीटर हे साधन एडवर्ड स्टिम्पसन यांनी 1935 च्या सुमारास कल्पिले. अमेरिकी गोल्फ संघटनेने ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वापरात आणले, तेव्हा तेथील ग्रीनवर चेंडू सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास धावत असे. आज मोठ्या स्पर्धांत तो बारा फूट आणि त्यापुढेही धावतो. संथ गवतासाठी केलेला उतार घोटीव गवतावर चेंडूला उभाच राहू देत नाही. दोष उताराचा नाही, वेगाच्या हव्यासाचा आहे. यंत्राचे पाते थोडे वर घेता येते, तर एकदा खरवडलेला ग्रीनचा आकार परत आणायला अतोनात कष्ट पडतात.

जे गेले ते परत आणणे अशक्य मात्र नाही. रचनाकार डोनाल्ड रॉसच्या पाइनहर्स्ट क्रमांक 2 या अमेरिकेतील मैदानावर 2010-11 मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या रचनाकारांनी विमानातून घेतलेली जुनी छायाचित्रे समोर ठेवून सुमारे 35 एकर हिरवे रफ, म्हणजे खेळाच्या वाटेच्या कडेचे वाढलेले गवत, काढून टाकले आणि तेथे पूर्वीची वाळू व रानगवत आणले. 2014 मध्ये पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन लागोपाठच्या आठवड्यांत याच मैदानावर झाली. सभेत बोलण्यापूर्वी आपल्या क्लबाचे जुने फोटो कोणाच्या कपाटात आहेत, याचा तपास करावा.

प्रश्न : मी गोल्फ खेळत नाही. तरीही या विषयात मला गती येऊ शकेल का?

उत्तर : अवश्य. न खेळणाऱ्याला स्वतःच्या फटक्याची फिकीर नसते, त्यामुळे त्याचे लक्ष जमिनीवर राहते. ओल्ड कोर्स एरवी रविवारी खेळासाठी बंद असतो आणि लोक तेथे फिरायला येतात. तेथील सात ग्रीन दोन-दोन होलांत वाटून घेतलेली आहेत आणि प्रत्येक जोडीच्या क्रमांकांची बेरीज अठरा येते : दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, असे आठवा आणि दहावापर्यंत. हे कळायला हातात क्लब असावा लागत नाही. परवानगी असेल त्या मैदानावर सुरक्षित अंतर राखून एखाद्या ग्रीनच्या कडेला तासभर बसावे, येणारे चेंडू कोठे पडतात आणि कोठे जाऊन थांबतात याच्या खुणा वहीत काढलेल्या नकाशावर कराव्यात. पंधरावीस खेळाडू होऊन गेले की त्या खुणांतून ग्रीनचा उतार कागदावर उमटलेला दिसेल.