इंग्रजीत कोणती अक्षरं जास्त वापरली जातात, आणि ती मोजली कुणी?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत: सव्वीस अक्षरांपैकी जास्त-कमी कोणती, आणि हे खरंच कुणी बसून मोजलं का.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ई सगळ्यांत पुढे, शंभर अक्षरांत १२-१३ वेळा. मग टी ९ च्या आसपास, ए ८, ओ, आय आणि एन साधारण ७-७, एस, एच, आर ६-६. तळाला जे, एक्स, क्यू, झेड. हे चौघं मिळून दीड-दोनशे अक्षरांत जेमतेम एकदा येतात.

हे आकडे मी फार उशिरा वाचले. त्याआधी क्रम हाताला पाठ होता, कारण कऱ्हाडला वडिलांचा छापखाना होता आणि शाळा सुटली की मी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला बसायचो. इंग्रजीच्या दोन केसा, म्हणजे खिळे ठेवायचे खणांचे ट्रे, असत. वरच्या केसेत कॅपिटल अक्षरं, खालच्या केसेत लहान. कॉम्प्युटरवर आपण अपर केस, लोअर केस म्हणतो ते तिथूनच आलं. खालच्या केसेत ईचा खण सगळ्यांत मोठा आणि अगदी हाताखाली. झेड, क्यू, जे यांचे खण चिमुकले आणि लांब. डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळ्यांची ओळ लावायची पट्टी, उजवा हात केसेवर, आणि नजर मजकुरावर. खण शोधायचा नसतो, हातच जातो. ज्यानं कुणी ती मांडणी ठरवली त्याला टक्केवारी सांगायची गरज नव्हती, खणांचे आकारच ती सांगत होते.

आता एक गंमत. तुम्ही वाहता मजकूर मोजता की डिक्शनरीतले शब्द, यावर क्रम बदलतो. मजकुरात एच सहा टक्क्यांच्या आसपास असतो, डिक्शनरीतले शब्द प्रत्येकी एकदाच धरले तर तो निम्म्यावर येतो. कारण एकच, टी-एच-ई हा तीन अक्षरी शब्द. इंग्रजी मजकुरात दर शंभर शब्दांत तो ६-७ वेळा येतो, आणि त्याच्या जोडीला दॅट, धिस, दे, विथ आहेतच. एचला वर चढवलंय ते या दहा-बारा किरकोळ शब्दांनी. डिक्शनरीच्या यादीत टीही घसरतो आणि आर वर सरकतो. ई मात्र दोन्हीकडे पहिला. तरी डिक्शनरीतला सगळ्यांत जाड विभाग ईचा नसतो, एसचा असतो. ई शब्दाच्या पोटात आणि शेपटीला राहतो, तोंडाशी क्वचित.

मोजणाऱ्यांत माझा आवडता माणूस अमेरिकेतला आल्फ्रेड व्हेल, सॅम्युएल मॉर्सचा सहकारी. तारायंत्रासाठी टिंब-रेघांची लिपी ठरवताना कोणत्या अक्षराला छोटी खूण द्यायची हा प्रश्न होता. सांगतात की पुस्तकं चाळण्याऐवजी तो न्यू जर्सीतल्या मॉरिसटाऊनच्या एका छापखान्यात गेला आणि कोणत्या अक्षराचे किती खिळे ठेवलेत ते त्यानं पाहिलं. त्या काळच्या मोजणीचे जे आकडे आज दिले जातात त्यांत ई १२,०००, टी ९,००० आणि झेड फक्त २०० आहे. म्हणून ईला एक टिंब, टीला एक रेघ. (ओ इतका वापरात असून आज त्याला तीन लांब रेघा का, असं कुणी विचारेल. मूळ अमेरिकी लिपीत त्याला दोनच टिंबं होती, युरोपात फेरबदल झाले तेव्हा रेघा आल्या.)

पुढे लायनोटाईप यंत्र आलं, कळा दाबून मजकुराची अख्खी ओळ शिशात ओतणारं. त्याच्या कळा वापराच्या क्रमानं उभ्या ओळींत लावलेल्या होत्या. पहिली ओळ ई-टी-ए-ओ-आय-एन, दुसरी एस-एच-आर-डी-एल-यू. ही बारा अक्षरं मिळून मजकुराचा सुमारे ८० टक्के भाग होतो. ऑपरेटरची मजकुराची ओळ चुकली की तो कळांच्या या दोन ओळींवरून बोट फिरवून ती भरून टाकी, म्हणजे ती शिशाची ओळ नंतर काढून टाकता येई. कधी काढायची राहायची आणि पेपरात ते अगम्य शब्द तसेच छापून यायचे. न्यूयॉर्क टाइम्समध्ये १९७८ पर्यंत ही यंत्रं चालली. त्याच पेपराच्या पानावरची अक्षरं मोजून आल्फ्रेड बट्सनं १९३० च्या दशकात स्क्रॅबल या शब्द जुळवायच्या खेळात कोणत्या अक्षराच्या किती सोंगट्या हे ठरवलं. खेळात ईच्या बारा सोंगट्या, क्यू आणि झेडची एकेकच. एस मात्र त्यानं मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर प्रत्येक जण शब्दाला एस जोडून अनेकवचनं करत बसला असता.

गुप्त संदेश फोडायला ही मोजणी वापरायची युक्ती तर नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-किंदीची. ती त्यानं अरबीसाठी मांडली होती.

आणि हे सगळं इंग्रजी *मजकुराचं*. इंग्रजी लिपीत आपली नावं लिहा, आणि क्रम कोलमडतो. एका सोसायटीनं सभासदांची यादी इंग्रजीत छापायला दिली होती. दुसऱ्या पानावरच ए संपले. साहजिक आहे. महाराष्ट्र या नावाची इंग्रजीत अकरा अक्षरं, त्यांत चार ए आणि ई एकही नाही. सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, एकातही ई नाही. शिवाय जाधव, जोशी, जगताप यांनी कॅपिटल जेचा खण खरवडून काढला, आणि कुलकर्णी, कदम, काळे यांनी केचा. टाईप विकत मिळे तो इंग्रजी मजकुराच्या प्रमाणात भरलेला; त्यात जे असून असून किती असणार? ईचा खण तसाच भरलेला, आणि आम्ही शेजारच्या छापखान्यातून वाटीभर ए उसने आणतोय. त्यांचं माप जरा वेगळं निघालं, ते ओळीत बसेनात. मग दोन-दोन पानं जुळवायची, ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर, छापायची, खिळे धुऊन परत खणांत टाकायचे आणि पुढची दोन पानं घ्यायची. चार दिवसांचं काम पंधरा दिवस चाललं आणि सोसायटीनं बिलातून पैसे कापले.

त्यानंतर वडील नवा इंग्रजी टाईप मागवताना सुटे ए वेगळे वजन करून मागवायचे.