लाळ्या-खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी कशाला?

प्रश्न : आमच्याकडे तीन गाई, एक म्हैस आणि दोन कालवडी आहेत. लाळ्या-खुरकूतची लस सहा महिन्यांनी परत टोचतात, एकदाच टोचून काम होत नाही का? आणि लम्पीच्या (अंगावर गाठी येणाऱ्या आजाराच्या) साथीत गाईंना शेळ्यांची लस दिली ती का? लस दिली की दूध कमी होतं म्हणून घरचे नको म्हणतात.
– एक वाचक, ता. संगमनेर

उत्तर : ताई, लाळ्या-खुरकूतची लस मेलेल्या व्हायरसची असते, तो जनावराच्या अंगात वाढत नाही, त्यामुळे प्रतिकारशक्ती येते पण काही महिन्यांत उतरते, म्हणून सहा महिन्यांनी परत. घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या जिवाणूजन्य आजारांच्या लसीपण मेलेल्या जंतूंच्याच, त्या वर्षातून एकदा आणि पाऊस सुरू व्हायच्या आधीच घ्या, कारण टोचल्या टोचल्या संरक्षण येत नाही, दोन-तीन आठवडे जातात.

जिवंत पण कमजोर केलेल्या जंतूची लस वेगळी, तिचा असर जास्त टिकतो. शेळ्यांच्या देवीची लस तशीच. तो व्हायरस आणि लम्पीचा व्हायरस एकाच घराण्यातले, म्हणून 2022 ला साथ आली तेव्हा गाईंना तीच दिली आणि तो निर्णय बरोबरच होता.

तुमच्या कालवडी चार ते आठ महिन्यांच्या असतील तर ब्रुसेलाची (गाई गाभडतात त्या आजाराची) लस आत्ताच टोचून घ्या, आयुष्यात एकदाच लागते. पण हीपण जिवंत लस आहे, गाभण गाईला किंवा नराला द्यायची नाही, आणि टोचताना सुई माणसाला लागली तर लगेच डॉक्टरकडे जायचं, हा आजार माणसालाही होतो.

राहिलं दुधाचं. एक-दोन दिवस ताप येतो, दूध थोडं उतरतं, टोचलेल्या जागी गाठ येते, हे खरंय. पण लाळ्या झालेली गाय बघा, तोंडात फोड, खुरात जखमा, चारा खाता येत नाही, बरी झाली तरी उन्हात धापा टाकते आणि दूध पहिल्यासारखं येईलच असं नाही. घरच्यांना हे नीट सांगा.

अजून एक, लस आणणाऱ्याच्या थर्मासमध्ये बर्फ आहे का ते बघत जा, 2 ते 8 डिग्रीत राहिली पाहिजे, आणि लाळ्याची बाटली गोठलेली असेल तर ती सरळ नको म्हणा, गोठली की लस वाया गेली. लाळ्याची पहिली लस वासराला चौथ्या महिन्यात, महिन्याभराने बूस्टर म्हणजे त्याच लसीचा दुसरा डोस, हा बूस्टरच लोक सर्रास विसरतात.