ग्रॅफाइट-ब्राँझचा बुश कोरड्या नायट्रोजनमध्ये लवकर का झिजतो?
बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये बिनतक्रार चालणारा बुश (दांडा ज्यात फिरतो ती, वंगणासाठी ग्रॅफाइट भरलेली ब्राँझची नळी) नायट्रोजनच्या भट्टीवर बसवला की काळी पूड सोडतो, असं तुम्ही म्हणता. दोष बुशाचा नाही, हवेचा आहे. ग्रॅफाइटचे थर सहज सरकतात ते हवेतल्या बाष्पामुळे. ते थरांच्या मोकळ्या कडांना चिकटून त्यांची ओढ कमी करतं. बाष्प गेलं की घर्षण आणि झीज एकदम वाढतात. दुसऱ्या महायुद्धात उंचावरच्या कोरड्या हवेत उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरचे कार्बन ब्रश (फिरत्या भागाला घासत वीज वाहून नेणारे ठोकळे) असेच भराभर झिजले होते.

मॉलिब्डेनम डायसल्फाइड या दुसऱ्या कोरड्या वंगणाचं नेमकं उलटं, बाष्प नसलं की ते जास्त चांगलं चालतं. निर्वातात घर्षणांक ०.०५च्याही खाली जातो, बेळगावच्या जुलैतल्या दमट हवेत मात्र ०.१च्या वर चढतो. तुमच्या भट्टीला मी तोच भरणा असलेला बुश सुचवेन. फक्त हवा कुठून आत शिरत नाही ना बघा, कारण हवेत साधारण ३५० अंश सेल्सिअसच्या पुढे हा भरणा जळायला लागतो.