साखर एकदा ९७, एकदा ११९, आणि एचबीए१सी ६.७: नक्की काय धरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई सुरगाण्यात राहतात, वय ५२. उपाशीपोटी रक्त गावातच घेतलं, लाल टोपणाच्या बल्बमध्ये (रक्ताच्या नळीत), आणि ते दुपारी गाडीनं नाशिकच्या लॅबला पोचलं. साखर आली ९७. चार दिवसांनी नाशिकमध्ये लॅबमध्येच रक्त दिलं तर ११९, सोबत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.७ आणि हिमोग्लोबिन ८.९. मधुमेह आहे का, गोळ्या सुरू करायच्या का?

मला यातला ११९ सगळ्यात विश्वासाचा वाटतो. ९७ हा खऱ्यापेक्षा कमी आलेला आकडा असावा, आणि ६.७ हा खऱ्यापेक्षा जास्त. दोन्ही चुका उलट्या दिशेच्या आहेत, म्हणून रिपोर्ट एकमेकांशी भांडतायत असं वाटतं.

आधी ९७ चं बघू. रक्त काढलं म्हणून पेशी मरत नाहीत. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जा तयार करणारे भाग, नसतात, त्यामुळे ऊर्जेसाठी तिला ग्लुकोज फोडून लॅक्टेट करणं एवढा एकच मार्ग आहे, आणि हे काम ती बल्बमध्येही चालू ठेवते. खोलीच्या तापमानाला साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. उन्हात उभ्या गाडीत याहून वेगानं. पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतील तेव्हाही वेगानंच. तासाला ६ टक्के धरले तर ११९ चे तीन तासांत ९७-९८ होतात. सुरगाण्याहून घाट उतरून-चढून नाशिकला यायचं, वाटेत आणखी दोन ठिकाणचे नमुने उचलायचे, मग लॅबमध्ये नंबर लागायचा. तीन तास सहज जातात.

लाल टोपणाच्या प्लेन बल्बमध्ये हे थांबवणारं काहीच नसतं. साखरेसाठी राखाडी टोपणाचा फ्लोराइड बल्ब लागतो. पण त्याचीही मर्यादा माहीत असू द्या, कारण 'फ्लोराइडमध्ये घेतलंय, आता चिंता नाही' हे अर्धसत्य आहे. सोडियम फ्लोराइड एनोलेज नावाचं एन्झाइम अडवतं, आणि ग्लुकोज फोडण्याच्या दहा पावलांत एनोलेजचं पाऊल नववं आहे. ग्लुकोज पकडलं जातं पहिल्याच पावलावर. त्यामुळे वरची पावलं थंडावेपर्यंत पहिला तास-दोन तास साखर थोडी उतरतच राहते, त्यानंतर मात्र आकडा बराच स्थिर होतो. म्हणून खरा उपाय म्हणजे रक्त घेतल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात ठेवून अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूजवर (नळी गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर) फिरवणं आणि प्लाझ्मा, म्हणजे पेशींशिवायचा द्रव, वेगळा काढणं. पेशीच नाहीत तर साखर खाणार कोण?

गावात रक्त द्यावंच लागलं तर: राखाडी टोपण मागा, खुणेपर्यंत भरू द्या, बल्ब ८-१० वेळा हळूच उलटासुलटा करायला सांगा. जोरात हलवला तर पेशी फुटतात. जवळच्या दवाखान्यात सेंट्रिफ्यूज असेल तर प्लाझ्मा तिथेच काढून पाठवा. बर्फाच्या डब्यात पेशींसकट बल्ब नेताना तो बर्फाला थेट टेकू देऊ नका, रक्ताचा बर्फ होऊन पेशी फुटतात. त्याच रक्तातून पोटॅशियमही तपासायचं असेल तर त्याचा बल्ब वेगळाच हवा, कारण फ्लोराइड बल्बमध्ये बहुधा पोटॅशियम ऑक्झलेट असतं.

आता ६.७. एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाच्या व्हॅलीनला चिकटलेलं ग्लुकोज. हे काम एन्झाइमशिवाय, हळूहळू होतं आणि एकदा पक्कं झालं की सुटत नाही. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. सगळं गणित पेशीच्या आयुष्यावर टेकलेलं आहे. लोह कमी असलं की नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं, आणि साखर तेवढीच असूनही एचबीए१सी काही दशांशांनी वर दिसतं. ६.५ ही मधुमेहाची रेघ आहे. ६.७ मधले तीन दशांश लोहाच्या कमतरतेचे असतील तर आई रेघेच्या अलीकडे येतात. बी१२ कमी असतानाही असंच होतं.

सूत्रानं पाहा: एचबीए१सीला २८.७ नं गुणून ४६.७ वजा केले की सरासरी साखर मिळते. ६.७ ची येते जवळपास १४६. उपाशीपोटी ११९ असताना हे अशक्य नाही, पण जेवणानंतरची साखर बरीच चढत असेल तरच जुळतं. तीच मोजायला हवी.

सुरगाणा, पेठ, कळवणच्या आदिवासी पट्ट्यात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही: सिकल सेल, हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष. आई नुसत्या वाहक असतील तर काही यंत्रांवर एचबीए१सी चुकू शकतं. आजार असेल, म्हणजे एसएस, तर पेशी जेमतेम १० ते २० दिवस जगतात आणि नेहमीचं हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन ए, नसतंच, त्यामुळे ही तपासणीच निरर्थक ठरते. घरात कुणाला सिकल असेल किंवा आईंचं कधी तपासलंच नसेल तर हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करून घ्या. अशा वेळी फ्रुक्टोसामाइन कामाचं. ते रक्तातल्या प्रथिनांवर चिकटलेली साखर मोजतं, गेल्या २-३ आठवड्यांची, आणि तांबड्या पेशींशी त्याचा संबंध नाही. अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) कमी असेल तर तेही फसतं.

मी सुचवेन ती तपासणी म्हणजे जीटीटी (ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर मोजणं), आणि ती नाशिकमध्ये, लॅबमध्ये बसून. आधीचे तीन दिवस नेहमीचं जेवण ठेवा. भात-भाकरी बंद करून गेलात तर दोन तासांची साखर उगाच जास्त येते. रात्री जेवून ८ ते १४ तास काही खायचं नाही, पाणी चालेल. एकादशी असली तरी साबुदाणा खिचडी किंवा चहा म्हणजे उपाशीपोटी नव्हे, हे आईंना नीट सांगा. पहिलं रक्त दिल्यावर ७५ ग्रॅम ग्लुकोज २५० ते ३०० मिली पाण्यातून पाच मिनिटांत प्यायचं. पुडीवर डेक्स्ट्रोज मोनोहायड्रेट लिहिलं असेल तर ८२.५ ग्रॅम लागतं, कारण त्यात पाणी बांधलेलं असतं. वेळ प्यायला सुरुवात केल्यापासून मोजायची. दोन तास बसून राहायचं, बाजारात चक्कर नको, तंबाखू-मिश्री नको. उलटी झाली तर तपासणी रद्द, दुसऱ्या दिवशी परत.

दोन तासांनी १४० च्या आत म्हणजे ठीक, १४० ते १९९ म्हणजे उंबरठ्यावर, २०० किंवा वर म्हणजे मधुमेह. उपाशीपोटीची रेघ १२६. तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं अशी लक्षणं नसतील तर निदानासाठी दोन तपासण्या रेघेपलीकडे हव्यात. ही लक्षणं असतील आणि कधीही घेतलेली साखर २०० च्या वर असेल तर जीटीटीची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

सोबत फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) आणि बी१२ करा. फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोह संपलंय. सूज किंवा संसर्ग असताना ते खोटं वाढतं, म्हणून सूज दाखवणारं सीआरपीही बघावं. बी१२ चं रक्त मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी सुरू होण्याआधी द्या, कारण ती गोळी वर्षानुवर्षे घेतल्यानं बी१२ उतरू शकतं आणि मग मूळ कमतरता कुठली ते कळत नाही. आईंची पाळी थांबली असेल तर ८.९ हिमोग्लोबिन नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर सोडू नका. पोटातून रक्त जातंय का याची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्या. मला या सगळ्या कागदांत हिमोग्लोबिनचा हा आकडा साखरेपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

लोह सुरू झालं की नव्या कोवळ्या पेशींची भरती होते आणि एचबीए१सी आपोआप खाली येतं. त्या महिन्यांत ६.२ दिसलं तर साखर आटोक्यात आली असं धरू नका. हिमोग्लोबिन नीट झाल्यावर निदान तीन महिने जाऊ द्या आणि मग परत करा, त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीच्या यंत्रावर.