अनुभवी स्कीअरही हिमस्खलनात का सापडतात?

माहिती कमी पडते म्हणून क्वचितच. घात करतो तो ओळखीचा उतार आणि सोबतचा गट. 19 फेब्रुवारी 2012 ला अमेरिकेत स्टीव्हन्स पासजवळच्या टनेल क्रीकवर 16 जण निघाले, बरेचसे मुरलेले. धोक्याचा इशारा जाहीर होता. तिघे दगावले. एवढ्या गर्दीत ‘नको’ कोण म्हणणार?

म्हणून हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिन वाचून निघण्याआधीच निर्णय घ्या: आज हिमस्खलनाला पोषक असे 30 ते 45 अंशांचे उतार वर्ज्य की नाही. कोन क्लिनोमीटरने मोजा, नजरेचा अंदाज हमखास चुकतो. एकाने जरी नकार दिला तरी माघार, कारण विचारायचं नाही. उतारावर एका वेळी एकच जण. बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची. आणि ताज्या स्कीच्या खुणांवर तर मुळीच विसंबू नका: नऊ जण सुखरूप उतरले तरी बर्फाच्या आतला कमकुवत थर दहाव्याखाली तुटू शकतो.