जर्मन राजकन्यांचं सासर

प्रश्न : रशियाची महाराणी जर्मन, इंग्लंडची राणीही जर्मन. राजघराण्यांत इतक्या सुना जर्मनीतूनच का येत? त्या सुखी होत्या का?

उत्तर : अठराव्या शतकात जर्मनी हा एक देश नव्हताच, लहानमोठी शेकडो संस्थानं होती. राजपुत्राला तोलामोलाच्या घराण्यातलीच मुलगी हवी. त्यात 1701 च्या कायद्यानं इंग्लंडच्या राजाला कॅथलिक बायको वर्ज्य, म्हणजे फ्रान्स, स्पेन बाद. जर्मन संस्थानांत प्रोटेस्टंट मुली होत्या, शिवाय माहेर इतकं छोटं की त्याची सासरी लुडबुड होण्याची धास्ती कमी.

सुखाचं मात्र कठीण. आनहाल्ट-त्सेर्ब्स्ट या जर्मन संस्थानाची सोफी 1744 मध्ये चौदाव्या वर्षी रशियात आली. धर्म सोडू नकोस, असं वडिलांनी बजावलं होतं. तिथे ती इतकी आजारी पडली की आईनं लुथरन, म्हणजे त्यांच्या प्रोटेस्टंट पंथाचा धर्मगुरू बोलवायचं ठरवलं. सोफीनं रशियाच्या ऑर्थोडॉक्स पंथाचा धर्मगुरू मागितला. केवढी ही समज! त्याच वर्षी धर्म बदलला आणि ती येकातेरिना झाली. पुढची कॅथरीन द ग्रेट ती हीच.

पण 1754 मधला तो दिवस वाचून आजही माझा जीव तुटतो. तिला मुलगा झाला आणि रशियाची महाराणी एलिझाबेथ बाळाला घेऊन गेली. सुईणही मागोमाग गेली. बाळंतीण दारं-खिडक्यांतून येणाऱ्या वाऱ्याच्या झोतात, घामानं भिजलेली. तिनं प्यायला पाणी मागितलं. सुईणीला विचारल्याशिवाय ते द्यायची दासीची छाती होईना. हे तिनं स्वतःच लिहून ठेवलंय. बाळ कितीतरी दिवस तिच्या नजरेलाही पडलं नाही.

हेसच्या चार बहिणींचं दुःख वेगळं. 1914 चं महायुद्ध पेटलं तेव्हा व्हिक्टोरियाचा संसार इंग्लंडमध्ये, इरेना प्रशियाच्या राजपुत्राची बायको, एला आणि अलिक्स रशियात. अलिक्स म्हणजे झारची पत्नी अलेक्सांद्रा. तिच्या मुलाला रक्त न गोठण्याचा आजार, त्यात लोक तिला शत्रूची हेर समजत. इकडे व्हिक्टोरियाच्या नवऱ्याला जर्मन वंशामुळे ब्रिटिश नौदलाचं सर्वोच्च पद सोडावं लागलं. जुलै 1918 मध्ये अलिक्स आणि एला, दोघींनाही बोल्शेविक क्रांतिकारकांनी एका दिवसाच्या अंतरानं मारलं.

सुखी कोण म्हणाल, तर मेक्लेनबुर्ग-श्ट्रेलित्झच्या शार्लोटचं नाव मी घेईन. सतरा वर्षांची ही मुलगी 8 सप्टेंबर 1761 रोजी लंडनला पोहोचली आणि त्याच रात्री, कधी न पाहिलेल्या तिसऱ्या जॉर्जशी तिचं लग्न लागलं. इंग्रजी येत नव्हतं. तरी संसार प्रेमाचा झाला, पंधरा मुलं झाली. राजाचा मानसिक आजार बळावेपर्यंतची वर्षं तरी तिच्या वाट्याला चांगली आली.